सासूबाईंचा हेलियम

माझी सासू माझ्या स्वयंपाकात कधी नाक खुपसत नाही. स्वयंपाकात तिला काडीचा रस नाही. भात करपला तर "कार्बनचा थर आलाय" म्हणते आणि निमूट खाऊन टाकते. तिचं नाक असतं माझ्या जोडांमध्ये. जोड म्हणजे नळीला नळी, पेटीला झाकण, असे प्रयोगशाळेतले. मी एखादा जोड घट्ट बसवून, हात पुसून वळले की ही हेलियमची नळी घेऊन पाठीशी उभी. जोडाभोवती फुस्स, कडेने फुस्स, मग वाकून खालून फुस्स. प्रयोगशाळेत तिच्या माघारी सगळे तिला फुसफुस मॅडम म्हणतात. नाव मी ठेवलंय आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

हे फुसफुसणं काय असतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. आमच्या पेटीतली हवा पंपाने काढून टाकलेली असते. जोडाला कुठे बारीक भोक राहिलं तर हवा आत शिरते आणि सगळ्या मेहनतीचं मुसळ केरात. भोक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बाहेरून हेलियम फवारायचा. तो इतका बारीक की जिथे फट असेल तिथून आत गेलाच म्हणून समजा. पेटीत एक यंत्र असतं, ते आतल्या वायूंना वजनाप्रमाणे वेगळं करून स्क्रीनवर रेघा दाखवतं. हेलियमचं वजन चार. फवारताक्षणी चारच्या जागची रेघ वर उडाली की जोड गळका. नाही उडाली तर जोड पक्का, नळी बंद करायची, घरी जायचं. सासूबाईंना हे शेवटचं वाक्य कधी पटलं नाही.

घरी ती आई, कामावर मॅडम. मी आधी तिची विद्यार्थिनी होते, मग तिच्या मुलाशी लग्न केलं. या लग्नाला तिचा विरोध होता, आणि कारण काय, तर चांगली विद्यार्थिनी संसारात वाया जाईल. मुलगा वाया जाईल याची तिला काळजी नव्हती. तो चष्म्यांचं दुकान चालवतो, सुखी माणूस आहे, आणि आमच्या घरात त्याचा एकच कायदा आहे: जेवताना निर्वात पेटीचा विषय काढायचा नाही. हा कायदा आम्ही दोघी रोज मोडतो.

तर आमचं खरं काम गळतीचं नाही, गाळणीचं आहे. हायड्रोजनचे दोन भाऊ असतात. एक हडकुळा, दुसरा त्याच्या दुप्पट वजनाचा. तिसराही एक आहे, पण तो किरणोत्सर्गी, त्याला आम्ही दारात उभा करत नाही. या दोघांचा स्वभाव इतका सारखा की वेगळं करता करता भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. मोठाले मनोरे उभारायचे, ढीगभर वीज जाळायची, तेव्हा कुठे जड भाऊ थोडा बाजूला होतो. आम्ही म्हणतो, गाळून घेऊ. गाळणी ग्राफीनची, म्हणजे कार्बनच्या अणूंचा फक्त एक थर, त्याच्याखाली दुसरा थर नाही. अलीकडे दोन्ही भाऊ मिसळलेलं पाणी, पलीकडे निर्वात पेटी. विजेचा जोर लावला की हडकुळ्याचं केंद्रक त्या थरातून आरपार निघून जातं आणि जड्या दारातच घुटमळतो. पलीकडे गेलेले अणू जोड्या करतात: दोन हडकुळे मिळून वजन दोन, एक हडकुळा एक जड मिळून तीन, दोन जड मिळून चार. गाळणी चांगली असेल तर दोनची रेघ उंच, तीनची बुटकी, आणि चारची जवळपास नाहीच.

ती गाळणी मी करते. भट्टीवाला, म्हणजे आमचा भट्टी सांभाळणारा सहकारी, तांब्याच्या पत्र्यावर तो थर उगवून देतो. मग मी तांबं विरघळवते, थर पाण्यावर तरंगत राहतो, आणि बारीक भोक पाडलेल्या चकतीने मी तो अलगद उचलते. त्या वेळी कोणी शिंकलं तर आठवड्याचं काम पाण्यात, अगदी शब्दशः. मी श्वास रोखून धरते. नवरा म्हणतो, घरीही अधूनमधून रोखत जा.

वर्षानुवर्षं माझ्या गाळण्या फाटल्या, सुरकुतल्या, बुडाल्या. आणि मग एक जमली. अशी जमली की भट्टीवाला स्क्रीनसमोर स्टूल ओढून नुसता बसून राहिला. आणि नेमकी वेळ अशी की मॅडम महिनाअखेर निवृत्त होणार होत्या. त्यांच्यामागे आमचा गट ठेवायचा की गुंडाळायचा, हे ठरवायला संस्थेने समिती नेमली होती. ठेवला तर प्रमुख मी. गुंडाळला तर माझी रवानगी पाणी तपासणी विभागात, नळाच्या पाण्यात क्लोरीन किती ते बघायला. ते काम वाईट नाही, लोकांच्या उपयोगाचं आहे, पण मला ते नको होतं. मला माझी गाळणी हवी होती. आणि कॅन्टीनमध्ये कोणीही उठून "सासूच्या वशिल्याची सून" म्हणायचं ना, ते बंद व्हायला हवं होतं.

समितीचा अध्यक्ष मॅडमचाच जुना विद्यार्थी. ठेंगणा, तोंडाने गोड, आणि मॅडमनी एकेकाळी त्याचा प्रबंध परत पाठवला होता हे अजून न विसरलेला. त्याने मॅडमनाही एक आमिष दाखवलं होतं: गट टिकला तर निवृत्तीनंतर त्या सल्लागार म्हणून येऊ शकतील, खिडकीजवळचं टेबल त्यांचंच राहील. मॅडमनी वरवर "बघू" म्हटलं. घरी येऊन मात्र त्या जेवताना गाणं गुणगुणत होत्या, आणि त्यांचा आवाज फुटक्या पंपासारखा आहे.

अध्यक्षाने एक अट घातली. आदल्या दिवशी संच लावून पेटी बंद करायची, आणि समिती येईपर्यंत संचाला कोणीही हात लावायचा नाही. मी गाळणी बसवली. ती इतकी नाजूक की तिथे धातूचं कडं चालत नाही, रबराचं लागतं. कडं पुसलं, बसवलं, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत गेले. तो जोड मी आयुष्यात सगळ्यात जीव ओतून केला.

त्या संध्याकाळी जेवायला बसलो. आई म्हणाल्या, "तो गाळणीचा जोड मी उद्या सकाळी एकदा बघते."

"नाही," मी म्हटलं.

"नुसता बघते गं."

"तुमचं बघणं मला माहितीय. नळी घेऊन बघता तुम्ही. अट काय आहे ते ऐकलंत ना? हात लावायचा नाही."

"नळी म्हणजे हात नव्हे."

"आई," नवरा म्हणाला, "भाजी घे."

"मी भाजीत काही बोलतेय का तुमच्या?" त्या म्हणाल्या, आणि विषय तिथेच थांबला. मला वाटलं, थांबला. दुधाने तोंड भाजलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ही बाई ताक, पाणी, रिकामा पेला, सगळंच फुंकून पिते, हे मी त्या वेळी लक्षात घ्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी समिती आली. पाच माणसं, पाचही जणांना पांढरे कोट आखूड. अध्यक्षाने स्क्रीनसमोरची खुर्ची घेतली. मॅडम भिंतीपाशी उभ्या. मी विजेचा जोर हळूहळू वाढवला. दोनची रेघ वर निघाली, मग तीनची जराशी उठून तिथेच बसली. मी मनात म्हटलं, चला, जमलं. आणि तेवढ्यात चारची रेघ हलली. आधी केसभर, मग बोटभर, मग ती निवांतपणे तीनच्या वर गेली आणि चढतच राहिली.

अध्यक्षाने चष्मा वर केला. "चार म्हणजे जड हायड्रोजन, नाही का? सगळा आरपार येतोय की. ही गाळणी आहे की खिडकी?"

समितीतले दोघं हसले. माझं डोकं मात्र ठिकाणावर होतं. चार एवढा वाढला आणि तीन जागच्या जागी, असं होऊच शकत नाही. जडे एवढ्या संख्येने आत आले असते तर त्यांनी हडकुळ्यांशी जोड्या जमवल्याच असत्या, तीनची रेघ आधी उडाली असती. त्यांनी काय फक्त आपापसातच सोयरीक करायची शपथ घेतली होती?

"हे जड हायड्रोजन नाही," मी म्हटलं, आणि वीज बंद केली. दोनची रेघ कोसळली, तीनची कोसळली. चारची चढतच राहिली. "बघा. गाळणीतून यायचं ते थांबलं. हा वेगळाच पाहुणा आहे. वजन तेच, पण हेलियम आहे."

अध्यक्षाने वाकून स्क्रीनवरची रेघ बघितली. तो काही मूर्ख नव्हता, मी ते कबूल करते. "मान्य," तो म्हणाला. "हेलियम आहे. पण मग हेलियम आत आला कुठून? म्हणजे गाळणी चांगली असेलही, तुमचा जोड गळका आहे. ज्यांना साधा जोड बसवता येत नाही, त्यांच्या हाती अख्खा गट द्यायचा?"

आणि मी वळून मॅडमकडे बघितलं. त्या चष्मा पुसत होत्या. घरी बिस्किटांचा डबा रिकामा सापडला की त्या असाच चष्मा पुसतात. मला सगळं एका क्षणात कळलं. ही सकाळी माझ्या आधी घरातून बाहेर पडली होती, "जरा पाय मोकळे करते" म्हणून. पाय कसले मोकळे करतेय, हिने सिलिंडर मोकळा केला होता.

राग असा आला की तिथेच पेटीवर डोकं आपटावं. पण बोलायचं काय? आपलेच दात आणि आपलेच ओठ. सांगितलं तर चाळीस वर्षं काम केलेल्या बाईची निवृत्तीच्या तोंडावर पाच परक्या माणसांसमोर शोभा, शिवाय तिचं खिडकीजवळचं टेबल गेलं. नाही सांगितलं तर माझा जोड गळका, माझी गाळणी कचऱ्यात, आणि मी नळाच्या पाण्यात. घरी मी हिच्याशी दिवसातून दहादा भांडते, तोंडाला तोंड देते. त्या खोलीत मात्र माझं तोंड उघडेना.

"काही स्पष्टीकरण?" अध्यक्षाने विचारलं.

"आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मी आज सकाळी या जोडावर हेलियम मारला."

अध्यक्ष खुर्चीतल्या खुर्चीत त्यांच्याकडे वळला.

"अट माहिती असून?"

"अट माहिती असून."

"म्हणजे तुम्हाला स्वतःलाच यांच्या कामाचा भरवसा नव्हता," अध्यक्ष म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की हे वाक्य त्याला फार आवडलं. "मग आम्ही कसा ठेवायचा?"

"पुढचं ऐक," मॅडम म्हणाल्या. भर समितीत त्या त्याच्याशी 'अरे-तुरे'वर आल्या आणि तो गप्पही बसला. "मी फवारलं. रेघ हलली नाही. पुन्हा फवारलं. हलली नाही. कडेने, खालून, स्क्रूच्या डोक्यांवर. काही नाही. इतकी वर्षं मी जोड बसवतेय, माझ्या हातच्या प्रत्येक जोडात मला काही ना काही सापडलंय. थोडंसं का होईना. हिच्या जोडात सापडेना. मला वाटलं, यंत्रच झोपलंय. म्हणून मी जोडाला प्लास्टिकची पिशवी बांधली, त्यात हेलियम भरला आणि वाट बघत बसले. तुमची गाडी आली तेव्हा सोडली, तोवरही रेघ जागची हलली नव्हती."

"बापरे," समितीतला एकजण पुटपुटला.

"गळती असती तर रेघ पहिल्या फुस्सला उडाली असती. उडाली नाही. जोड पक्का होता म्हणूनच मी एवढा हेलियम ओतला. मग तो रबरात मुरला, आणि आता रबरातून झिरपतोय. रबर आहे ते, एवढा वेळ हेलियममध्ये ठेवलं तर कोणाचंही झिरपेल. तासाभरात रेघ आपोआप खाली येईल, बसून बघा." मग त्यांनी जोडाकडे बोट दाखवलं. "चूक माझी आहे. जोडात काही चूक नाही. असा जोड मला कधी जमला नाही."

मी खाली बघत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते आखूड कोटवाल्यांना दाखवायची माझी इच्छा नव्हती. इतक्या वर्षांत तिने माझ्या कामाला चांगलं म्हटलं ते हे असं, चोरी कबूल करताना.

सगळे बसले. चहा आला, कोणी बिस्किटांना हात लावला नाही. चारची रेघ हळूहळू उतरत गेली आणि शेवटी तळाशी जाऊन पडली. मी पुन्हा वीज लावली. दोन उंच, तीन बुटकी, चार नाहीच. अध्यक्षाने उठून स्वतः आकडे तपासले, मग दारापाशी जाऊन बाकीच्यांशी कुजबुजला आणि परत आला.

"गट राहील," तो मला म्हणाला. "प्रमुख तुम्ही. मात्र सल्लागारपदाचा विचार आता करता येणार नाही. चाचणीच्या संचाला ज्यांनी हात लावला त्यांना निवृत्तीनंतर प्रयोगशाळेत येता येणार नाही. नियम आहे."

किती वर्षं मी हेच म्हणत आले होते, की एकदा ही बाई माझ्या पाठीमागून हटू दे. आता हटली, तर मला ते सोसेना. "त्यांना येऊ द्या," मी म्हटलं. "मी बघीन त्यांच्याकडे. नळी लपवून ठेवीन."

"लपवलेली सापडते मला," मॅडम म्हणाल्या. "तो बरोबर बोलतोय. मी आले की हात लावणार. माझा स्वभाव मला माहितीय, आणि तू चारचौघांत मला काही बोलणार नाहीस, ते आजच बघितलं." आणि त्या कोट काढून, घडी घालून टेबलावर ठेवून बाहेर गेल्या.

घरी जाताना गाडीत मी जे काय बोलायचं ते बोलून घेतलं. हात दाखवून अवलक्षण कोणी सांगितलं होतं, पिशवी कसली बांधता, हे काय वय आहे का. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "झालं? आता सिग्नल हिरवा झालाय, निघ."

त्यानंतर मी प्रमुख झाले. भट्टीवाला मला मॅडम म्हणायला लागला, मी त्याला दोनदा झापलं, तरी म्हणतोच. कॅन्टीनमध्ये आता म्हणतात, सून वस्ताद, सासूला काढून बसली. लोकांच्या तोंडाला काही पक्का जोड बसवता येत नाही. आई घरी असतात. सकाळी वर्तमानपत्र वाचतात, मग दुपारी पुन्हा तेच वाचतात. मुलाच्या दुकानात जाऊन चष्म्यांचे स्क्रू घट्ट करून येतात. गिऱ्हाईक तक्रार करतं की चष्मा मिटत नाही. जेवताना मी पेटीचा विषय काढला तर त्या भाजी वाढून घेतात आणि मला काही विचारत नाहीत. कायदा पहिल्यांदाच पाळला जातोय, आणि नवऱ्यालाही तो आता नकोसा झालाय.

परवा नवी गाळणी बसवली. पहिलीपेक्षा मोठी. सकाळची वेळ, प्रयोगशाळेत मी एकटी. कडं पुसलं, स्क्रू आवळले, हात पुसले आणि सवयीने मागे वळले. मागे कोणी नव्हतं. मग मीच नळी घेतली. कडेने फवारलं, खालून फवारलं. रेघ हलली नाही. बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पुन्हा फवारलं, स्क्रूच्या डोक्यांवर, जोडाच्या पाठीमागे. काही नाही. असं कसं असेल? एवढ्या मोठ्या जोडात काहीच नाही? यंत्र नीट चालतंय ना ते बघितलं. नीट चालत होतं. कपाट उघडलं आणि प्लास्टिकची पिशवी शोधायला लागले. पिशवी हातात आली तेव्हा माझं मलाच कळलं. ती बाजूला ठेवून मी घरी फोन लावला.

"आई, गळती सापडत नाहीये," मी म्हटलं.

पलीकडे वर्तमानपत्राची सळसळ थांबली. "किती वेळा मारलास?"

"पाच-सहा. पिशवी बांधू का?"

"अजिबात नको. नळी बंद कर." मी नळी बंद केली, तो खटका त्यांनी ऐकला. "जोड तू बसवलायस ना?"

"हो."

"मग नसेल गळती," त्या म्हणाल्या. "काम कर आता."